हातात दिल्याशिवाय

समोर चार केळी आणि गुळाचा खडा, माणूस सकाळपासून उपाशी, आणि तरी हात मांडीवर ठेवून नुसता त्या केळ्यांकडे बघत बसलेला. रेवत थेरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, कर्जत स्टेशनातल्या बाकावर. मी तेव्हा तिथे तारमास्तर होतो. घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडतात, तोवर उतारू खाली उतरून पाय मोकळे करतात. हे त्यांच्यातच उतरले आणि गाडी सुटून गेली तरी तिथेच बसून राहिले. काटकुळे, सावळे, डोक्याचा तुळतुळीत गोटा, अंगावर हळदीच्या रंगाची वस्त्रं. दया आली म्हणून मी केळी त्यांच्या शेजारी ठेवून तारेच्या खोलीत गेलो. तासाभराने येऊन बघतो तर केळी जशीच्या तशी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बैरागी झाला तरी ताठा गेला नाही!

"आमच्या हातचं चालत नाही वाटतं?" मी इंग्रजीतून तावातावाने विचारलं.

"हातचंच चालतं," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही बाकावर ठेवलंत. हातात दिलं नाहीत."

त्यांचा तसा नियमच होता. गृहस्थाने आपल्या हाताने हातात दिल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. सूर्य माथ्यावरून ढळला की त्या दिवसाचं जेवण संपलं. स्वतः रांधायचं नाही, उद्यासाठी राखून ठेवायचं नाही, आणि एका भिक्खूने दुसऱ्यासाठी रांधून वाढलं तर तेही चालत नाही. देणारा हात संसारी माणसाचाच हवा. मी निमूटपणे केळी उचलून त्यांच्या ओंजळीत दिली. त्यांनी आधी खांबाची सावली बघितली, मग सावकाश खाल्ली.

ते सिलोनचे. चाळीस वर्षं भिक्खूचं चीवर अंगावर, म्हणून थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू. मरण्याआधी एक पावसाळा अशा लेण्यात काढायचा की जिथे हजारो वर्षांपूर्वी भिक्खूंनी पावसाळे काढले, एवढी एकच इच्छा घेऊन ते इकडे आले होते. कोणीतरी त्यांना कोंडाण्याच्या लेण्यांचं नाव सांगितलं होतं. आमच्या भागात ती लेणी पांडवांनी कोरली अशीच सगळ्यांची समजूत, माझीही. मी बैलगाडी बघून दिली आणि रविवारी, बघू तरी हा माणूस काय करतो, म्हणून मागोमाग गेलो.

खरं सांगायचं तर मला कुठेतरी जायलाच हवं होतं. आदल्या वर्षी प्लेगात माझी बायको गेली. गावाबाहेर माळावर चटयांच्या झोपड्या बांधल्या होत्या, तिथे. मला तिच्या जवळ बसू दिलं नाही. त्यानंतर मी माणसांवर खेकसायला लागलो, आणि सुटीचा दिवस तर अंगावर यायचा. कोंडाण्याला कोणी माझ्याकडे कीव करून बघत नसे. थेरांनी एकदाच विचारलं, "घरी कोण?" मी म्हणालो, "कोणी नाही." त्यांनी मान हलवली आणि माझ्याशेजारी तासभर गप्प बसले. तेवढं कोणी केलं नव्हतं.

खालच्या कोंडिवड्याची ठमाबाई त्यांना रोज सकाळी भात-भाकरी आणून देई. तिचाही धाकटा मुलगा त्याच साथीत गेला होता. ती म्हणायची, "तान्ह्या पोरावानी हातात द्यावं लागतंय बाबांना. खाली ठेवलं का बगत बसत्यात नुसते." थेर मराठी शिकले ते तिच्याकडून. त्यामुळे पाली ग्रंथ तोंडपाठ असलेला हा पंडित बोलायचा मात्र आमच्या खेड्यातल्यासारखा. "आमी सिलोनचं हाय," असं त्यांनी प्रथम म्हटलं तेव्हा मी बायको गेल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसलो. मग मला त्याची लाज वाटली.

त्यांचा सगळा दिवस बसण्यात आणि येरझाऱ्या घालण्यात जाई. श्वास मोजत बसायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "थेर, चाळीस वर्षं झाली. काही साधलं का?"

"अजून नाय," ते म्हणाले. त्यात खंत नव्हती की लाज नव्हती. निर्वाणापर्यंत चार पायऱ्या असतात, एकेक चढायची, या जन्मी पहिली मिळाली तरी पुष्कळ, असं त्यांनी मला समजावलं. समोर, दरीच्या पलीकडे, बोरघाटातून गाडी धापा टाकत चढत होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिला इचार, खंडाळा आला का. ती पन म्हनंल, अजून नाय."

माघात तिथे आणखी एक पाहुणा आला. मुंबई बंदरात जहाजातून उतरलेला जपानी साधू, गेन्शो नावाचा. गयेला निघाला होता. इकडे एक भिक्खू राहतो हे ऐकून वाट वाकडी करून आला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, चाळिशीचा, अंगात काळा झगा. आल्या आल्या त्याने काटक्यांचा खराटा बांधला आणि वटवाघळांची घाण झाडायला लागला. थेरांना गवत उपटायची बंदी, माती खणायची बंदी. हा पठ्ठ्या खणायचा, लाकडं फोडायचा, भात शिजवायचा, वाटेवरची करवंदं ओरबाडून बियांसकट खायचा. गावाने दोन दिवसांत त्याचं गेनूबाबा केलं.

तोही बसायचा, पण भिंतीकडे तोंड करून. श्वास मोजत नसे, काही मिळवायचं नसे. मी विचारलं, कशासाठी बसतोस? त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. म्हणाला, "बसलो. झालं." म्हणजे काय झालं? तर बसणं हेच पोचणं. पुढे कुठलं स्टेशन नाही. पोचण्यासाठी बसतो म्हणणारा बसलेलाच नाही. मी हे थेरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हनुवटी खाजवली.

"गयेला मला एक तिबेटातला लामा भेटला व्हता," ते म्हणाले. "त्यो म्हनला, गुरू खरा मिळाला तर ह्याच जन्मात. ह्यो म्हनतो, आत्ताच. मी म्हनतो, अजून नाय. बुद्ध एक, आन आमी तिघं तीन वाटंला."

"मग खरं कोणाचं?"

"ते पोचल्यावर सांगंन."

या वादाचं मला काही वाटत नसे. दोन शहाणी माणसं वाद घालतात, घालोत. पण दुसरी एक गोष्ट होती, ती मात्र मला बघवत नसे. थेर गेन्शोला भिक्खू मानत नसत.

त्यांच्या मते भिक्खूची दीक्षा हाताहातांतून आलेली असते, मध्ये एकही हात सुटून चालत नाही. जपानात ती साखळी तुटली, तिथले पुष्कळ साधू लग्नं करतात, दारू पितात. तेव्हा गेन्शो हा उपासक, संसारी माणूसच. "भला मानूस हाय," ते म्हणत, "पन भिक्खू नाय." गेन्शो आठ वर्षांचा असताना आईने त्याला मठात सोडलं होतं. त्याने ना लग्न केलं, ना दारूला शिवला. स्वतः विचारायचा धीर होईना, म्हणून त्याने माझ्यामार्फत विचारलं, भिक्खू व्हायला मी काय करू? थेर म्हणाले, सिलोनला ये, नव्याने दीक्षा घे, कालच्या नवशिक्या भिक्खूच्या मागे बस. "आणि माझी तीस वर्षं?" गेन्शोने विचारलं. थेर उठून येरझाऱ्या घालायला लागले.

ज्या दिवशी ठमाबाईला यायला जमत नसे त्या दिवशी गेन्शो भात शिजवून थेरांच्या हातात देई. थेर तो बिनदिक्कत घेत, कारण देणारा गृहस्थ! "साधू, उपासक," म्हणजे छान केलंत, असं मनापासून म्हणत. त्यांना त्यात काही लागट आहे हे कळतही नसे. गेन्शो हसून वाकायचा. एकदा मात्र तो ओढ्यावर भांडं घासत होता, मी पाठीमागून गेलो, तर त्याचे खांदे हलत होते. मी आल्या पावली परत फिरलो.

दर पौर्णिमेला आणि अमावास्येला थेर आपले नियम खड्या आवाजात म्हणत. दीक्षा न झालेल्याने ते ऐकायचे नसतात. "उपासक, तेवढं पल्याड जा," ते सांगत, आणि गेन्शो ओढ्यापलीकडच्या खडकावर जाऊन बसे. मीही त्याच्याबरोबर जाई. माझं काय जात होतं? मला कुठे भिक्खू व्हायचं होतं? पण तीस वर्षं मुंडण केलेला माणूस माझ्यासारख्या तारबाबूच्या पंगतीला बसलेला बघून मला थेरांचा राग येई. एकदा मी बोललोसुद्धा, "तुमचं मन दगडाचं आहे." ते म्हणाले, "मन नाय रं बाबा. नेम दगडाचा. मऊ असता तर येवढी वरसं टिकता का?"

आषाढी पौर्णिमेला त्यांचा वर्षावास सुरू झाला. आता तीन महिने जागा सोडायची नाही. लेण्याच्या तोंडावरून पाण्याची धार पडायची, आतल्या भिंती पाझरायच्या, अंथरूण कधी कोरडं म्हणून नसे. मी म्हटलं, गावात ठमाबाईच्या पडवीत राहा. तर म्हणाले, "ह्याच्यासाठीच आलो नाय का?" मी गोणभर तांदूळ पाठवून दिला, तो गेन्शोच्या कोपऱ्यात ठेवला गेला. थेरांना ठेवायची बंदी. गेन्शो संसारी, त्याला चालतं.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पावसाने धरलं ते सोडेचना. ओढा फुगला, गाव आणि लेणी यांची वाट बंद झाली. थेरांना हगवण लागल्याचं ठमाबाईने शेवटच्या फेरीला पाहिलं होतं. इकडे घाटात दरड आली, तारा तुटल्या, मला जागेवरून हलता येईना. पण मला काळजी नव्हती. मी मनाशी म्हणायचो, गेन्शो आहे ना, तांदूळ आहे, तो शिजवील आणि हातात देईल. ठमाबाईही तिकडे तेच म्हणत होती, "गेनूबाबा हाय की." तो संसारी ठरलाय हेच बरं झालं, असंसुद्धा मला वाटून गेलं. देवा, काय काय वाटतं माणसाला!

पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी पाणी उतरलं. मी कोंडिवड्याला पोचलो तेव्हा ठमाबाई पेजेचं मडकं फडक्यात बांधून निघालेलीच होती. कंबरभर पाण्यातून आम्ही ओढा ओलांडला. लेण्याच्या तोंडाशी एक माणूस गोणपाट पांघरून बसला होता. मला वाटलं, गुराखी असेल. जवळ गेलो तर गेन्शो. काळा झगा घडी करून बाजूला ठेवलेला, समोर गार झालेल्या भाताचं भांडं. मला बघताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"सांगा त्यांना. माझ्या हातचं घेत नाहीत. सहा दिवस. सांगा, मी भिक्खू नाही. मी साधा माणूस. बाजारातला माणूस. बघा, झगा नाही."

मला काही कळेना. मग तुटक तुटक शब्दांत त्याने सांगितलं ते असं. थेरांना हगवणीने उठवेना झालं. गेन्शो त्यांचं सगळं करी. धुणं, पुसणं, अंग शेकणं. उरलेला वेळ त्यांच्या उशाशी भिंतीकडे तोंड करून बसे. पौर्णिमेपर्यंत थेरांनी त्याच्या हातची पेज घेतली. पौर्णिमेच्या सकाळी नियम म्हणायची वेळ आली तेव्हा तो आपणहून उठला आणि पावसात खडकाकडे निघाला. थेरांनी हाक मारली. "उपासक" म्हणून नव्हे. "आवुसो" म्हणून. एक भिक्खू दुसऱ्या भिक्खूला हाक मारतो, तेव्हाचा तो शब्द. "आवुसो, भायर नको जाऊ. बस." आणि दोन भिक्खू एकत्र असले की एकमेकांपुढे जे म्हणतात, मी शुद्ध आहे, मला शुद्ध समजा, ते त्यांनी गेन्शोपुढे हात जोडून म्हटलं आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

त्या दिवशी तीस वर्षांत झालो नव्हतो तेवढा सुखी झालो, असं गेन्शो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेज पुढे केली, तर थेरांनी हात मागे घेतला. भिक्खूने शिजवलेलं, भिक्खूच्या हातचं. ते आता चालत नव्हतं.

मी आत गेलो. माणूस कुठला, वस्त्रांखाली नुसती हाडं. माझा तोल गेला. मी ओरडलोच, "थेर, काय आरंभलंय हे? हा सांगतोय मी भिक्खू नाही, आणि इतके महिने तुम्हीच सांगत आलात ना?"

त्यांनी गोणपाट पांघरलेल्या गेन्शोकडे बघितलं. आवाज फार बारीक झाला होता. "खोटं बोलू नको रं," ते म्हणाले. "भिक्खू खोटं बोलत नाय. कपडं काढून काय व्हतं?"

"पण तुमच्या नियमाप्रमाणे तो भिक्खू नाहीच!" मी म्हटलं.

"नाय. नेमानं नाय. तेवढा एकदाच नेम मोडला मी. सिलोनात समजलं तर हसतील." ते दम खायला थांबले. "पन म्हटलं ना त्याला भिक्खू? आता त्याच्या हातचं खाल्लं तर ते परत घेतल्यावानी व्हईल. ते कसं करू?"

ठमाबाईला या सगळ्यातलं काय कळलं असेल ते तीच जाणे. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली आणि खालून आपला हात धरून राहिली. त्यांनी दोन घोट घेतले. तिसरा बाहेर आला. "उपासिके, साधू," ते म्हणाले. ती म्हणाली, "खावा की वं बाबा, खावा," आणि पदराने त्यांचं तोंड पुसत रडू लागली. मी बाहेर येऊन त्या पाण्याच्या धारेखाली उभा राहिलो. एक दिवस आधी निघालो असतो तर! पाणी होतं, तारा तुटल्या होत्या, सगळं खरं. पण मी निर्धास्त होतो हेही खरं. ती निर्धास्ती मला अजून सोडत नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. जाण्यापूर्वी घटकाभर शुद्धीवर होते. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी विचारलं, "थेर, पोचलात का?"

"अजून नाय," ते म्हणाले. ओठ जरा हसल्यासारखे झाले. "ह्याला इचार. ह्यो म्हनंल पोचलो."

गेन्शोने पुन्हा झगा अंगात घातला होता. थेरांचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता, आणि त्या दिवशी प्रथमच त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

साथीच्या भीतीने गावातलं कोणी खांदा द्यायला येईना. मी, गेन्शो, ठमाबाईचा नवरा आणि दीर, चौघांनी नेलं. ओल्या लाकडांनी सगळा दिवस खाल्ला. धुराने डोळे चुरचुरत होते म्हणून बरं, कोणाला काही दिसलं नाही. परतताना गेन्शो म्हणाला, "ते पोचलेलेच होते. पहिल्या दिवसापासून. त्यांना कोणी सांगितलं नाही." मी विचारलं, मग तू का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "रोज सांगत होतो. ते मला उपासक समजत होते."

आठवडाभराने तो गयेला जायला निघाला. सकाळची वेळ, गाडीला अवकाश होता. त्याच बाकावर तो बसला. मी बाजारातून केळी आणली, त्याच्या शेजारी ठेवली, आणि तार खडखडायला लागली म्हणून आत पळालो. काम पुष्कळ निघालं. बाहेर येऊन बघतो तर केळी जशीच्या तशी. वाटेवरची करवंदं ओरबाडून बियांसकट खाणारा तो माणूस, दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्या केळ्यांकडे बघत बसला होता.

मी खांबाची सावली बघितली. दुपार व्हायला अजून थोडा वेळ होता. मी केळी उचलली आणि त्याच्या हातात दिली.